दहा मोजायचे

सोमवार, १४ नोव्हेंबर

ती. दादा,

नमस्कार. मी मजेत आहे. तुम्ही सगळेही बरे असाल असं धरून चालते. (काही धरून चालणं माझ्या स्वभावात नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.) चार वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस, कोणाला काही झालेलं नाही.

काल वहिनीचा फोन आला होता. तुझं ऑनलाइन बुद्धिबळाचं खातं बंद झालंय, संगणकाची मदत घेऊन खेळतोस असा ठपका ठेवलाय, आणि तू कंपनीला खुलासा लिहिला आहेस, असं म्हणाली. मसुदा तिने मला पाठवला. "वन्सं, तुमचा रोजचा संबंध सरकारी कागदांशी. जरा नजर टाका. आणि ह्यांना माझं नाव सांगू नका हं." तेव्हा तिचं नाव मी सांगितलेलं नाही असं समज.

मसुदा चांगला आहे. 'कृपया' तीनदा आलंय, दोन काढ. "मी असं करणारा माणूस नाही" हे वाक्यही काढ. नोकरीच्या एकवीस वर्षांत हे वाक्य मला प्रत्येकाने ऐकवलंय, काट्याखाली चुंबक चिकटवणाऱ्यानेसुद्धा. चौथ्या परिच्छेदाबद्दल पुढे लिहिते.

माझं काम तेच. वजनांची पेटी घ्यायची, दुकानोदुकानी फिरायचं, काटे तपासायचे. माझा पगारच संशयाचा. हल्ली बढतीमुळे दुपारपर्यंत ऑफिसातच असते आणि दीड वाजता डबा खाताना मोबाईलवर एक डाव खेळते. म्हणजे खेळायचे. एकाचे पाच व्हायचे. हरले की लगेच दुसरा डाव मांडायचा, तो हरले की तिसरा, आणि मग दुपारी जो दुकानदार समोर येईल त्याची धडगत नसायची. परवा एका फळवाल्याला मी काट्याच्या तबकडीवरच्या धुळीबद्दल दहा मिनिटं सुनावलं. आमचे शिपाईमामा मला म्हणाले, "मॅडम, आज कोणी हरवलं तुम्हाला?" म्हणजे ऑफिसभर बोभाटा झालाय.

गेल्या महिन्यात दीडच्या ठोक्याला एकाचं आव्हान येऊ लागलं. साइटनेच चिकटवलेलं नाव, पुढे पाच आकडे, फोटो नाही. मी हरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच, पुन्हा दीडला. असे अकरा दिवस, अकरा डाव, अकराही मी हरले. डाव संपला की "छान खेळलात" हा तयार निरोप पाठवायचा आणि निघून जायचा. मी लगेच दुसरा डाव मागितला तर नकार. रोज एकच. जिंकून पळणारा, आणि वर मीठ चोळणारा. माझी वेळ याला कशी कळते, मीच का सापडते, हे मनातून जाईना.

मग मी माझ्या पद्धतीने तपासणी केली. अकराही डावांतल्या त्याच्या प्रत्येक चालीला लागलेला वेळ वहीत उतरवला. दहा सेकंद. अकरा. दहा. दहा. समोर फुकटचा वजीर दिसत असला तरी दहा. माणूस असा खेळतो का? फुकटचा वजीर दिसला की माणसाचे हात शिवशिवतात. हे यंत्रच, अशी माझी खात्री पटली.

(इथे पत्र थांबवलं होतं. पाणी प्यायले. आता मंगळवार.)

दादा, ती तक्रार मी केली. वहीची तीन पानं जोडून, मुद्देसूद, अहवाल लिहावा तशी. चार दिवसांनी "आपल्या तक्रारीवर कारवाई झाली" असं उत्तर आलं आणि मी टेबलावर थाप मारली. मामांना चहा पाजला.

आणि काल तुझा चौथा परिच्छेद वाचला. "माझ्या चालींना सारखाच वेळ लागतो हे खरं आहे. धाकट्या बहिणीला खेळ शिकवला तेव्हा तिला धीर नव्हता. म्हणून मी नियम केला, चाल सुचली की तळहातांवर बसायचं आणि दहा मोजायचे. ती एकटी मोजायला तयार नसे, म्हणून मीही मोजायचो. तिची सवय सुटली, माझी राहिली."

मी ते चारदा वाचलं. मग दार लावून रडले.

तुझी ओळख मला का पटली नाही? रोज एकच डाव, हरल्यावर आधी पाणी प्यायचं आणि दुसरा डाव उद्या, हा तुझाच नियम होता. माझं तिथलं नाव तर 'पावशेर' आहे. या नावाने मला हाक मारणारा माणूस जगात एकच. म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं ना? दीडची वेळही वहिनीकडून काढलीस ना? मग बोलला का नाहीस? मला हरवून वचपा काढत होतास का? बघ, अजूनही मी हेच विचारतेय. मला भेटायला आला होतास, एवढी साधी गोष्ट माझ्या मनात सगळ्यात शेवटी येते.

चार वर्षांपूर्वी तुझ्या दुकानातही असंच झालं. नात्यातलं दुकान दुसऱ्या निरीक्षकाकडे द्यायचं असतं. पण बहिणीने सांभाळून घेतलं असं कोणी म्हणू नये म्हणून मी स्वतः आले. पाच किलोचं वजन ठेवलं, बारा ग्रॅमचा फरक दिसला, आणि चार गिऱ्हाइकांसमोर मी म्हणाले, "हा काटा खोटा आहे." सील ठोकलं. तू हातातले खिळे परत डब्यात ठेवलेस. संध्याकाळी अहवाल लिहिताना माझ्या लक्षात आलं की काटा वजन कमी दाखवत होता. म्हणजे पाच किलो खिळ्यांमागे तू बारा ग्रॅम जास्त देत होतास. अहवालात मी तसं लिहिलं. त्या चार गिऱ्हाइकांना सांगितलं नाही, आणि तुलाही नाही. चूक कुठल्या बाजूची आहे ते बघायच्या आत मी बोलले होते. दहा मोजले असते तर दिसलं असतं.

दादा, माझं चुकलं. दोन्ही वेळा.

कंपनीला मी आज सकाळी लिहिलं आहे की तक्रार चुकीची होती, तो वेळ माणसाचाच आहे आणि मी त्याची साक्षीदार आहे. नाव, हुद्दा, सही सगळं दिलंय. प्रत सोबत जोडते. खातं उघडतील की नाही, सांगता येत नाही.

म्हणून हा डाव टपालाने. पांढरी मी घेतेय, नेहमीसारखी न विचारता. राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे. चाल काल दुपारीच सुचली होती, आज लिहितेय.

उत्तर हवं तेव्हा दे. दहा दिवस लागले तरी मी त्याचा काही अर्थ काढणार नाही. काढलाच, तर कोणाला सांगणार नाही.

वहिनीला नमस्कार.

तळहातांवर बसून मोजत असलेली,
तुझी
पावशेर