राहिलेला काना

गाणगापूर,
बुधवार, दि. १९ फेब्रुवारी २०२५, सकाळी सव्वासात.
संगमावर शर्ट धुऊन कठड्यावर वाळत घातला आहे. तो वाळेपर्यंत हे पत्र.

नेत्रावती अक्कास,

शरणु शरणार्थी. तुम्ही दोघं खुशाल असाल. अप्पांची तब्येत बरी आहे, फक्त डाव्या कानानं कमी ऐकू येतं. म्हैस व्याली. तू स्वतःच्या मनानं लग्न केल्यापासून अण्णानं तुझा नंबर सगळ्यांच्या फोनमधून काढायला लावला, पण उदगीर कोर्टासमोरची तुझी पाटी मी बसमधून पाहिली आहे. लॉजवर उदगीरचं एक जोडपं उतरलंय, ते आज परत निघालंय. त्यांच्याकडे पत्र देतो.

तू वकील आहेस, म्हणून सल्ला हवा आहे. चन्नवीर अण्णा भालकीच्या बस स्टँडजवळ चहाच्या एका कंपनीची फ्रँचायझी घेतो आहे. पुण्याहून कंपनीचा प्रतिनिधी अमरदीप येतो. करार वीस पानांचा, इंग्रजीत. दूध-साखर सोडून सगळा माल कंपनीकडूनच घ्यायचा, पाच वर्षं दुकान बंद करायचं नाही, आणि भांडण झालं तर कोर्ट पुण्याचं. एवढं मी डिक्शनरी घेऊन लावलं. शेवटी एक कन्नड पान जोडलं आहे, ते अप्पांच्या अंगठ्यासाठी. दोन्ही प्रती सोबत पाठवतो आहे. कृपा करून अंगठा होण्याआधी वाचून सांग.

खरं म्हणजे अर्धा अंगठा झाला आहे. त्याचं पुढे लिहितो.

अण्णाला कन्नड फक्त बोलता येतं. मला शाळेत तिसरी भाषा होती, नववीपर्यंत. अमरदीप म्हणाला, करार मोडला तर अप्पांचा जामीन कंपनीकडे जाईल. जामीन म्हणजे अप्पांच्या नावानं भरलेले पन्नास हजार, बाकी काही नाही. पण पानावर जामीन नव्हतं. जमीन होतं. कन्नडातही हे दोन शब्द आपल्यासारखेच आहेत, फरक एका कान्याचा. आणि त्याच्यापुढे आपल्या चार एकरांचा सर्व्हे नंबर. अव्वाची समाधी त्याच नंबरात आहे. तुला आईच्या मातीला येऊ दिलं नाही, म्हणून सांगतो, आंब्याखाली आहे.

मी अण्णाला म्हटलं, सही करण्याआधी अक्काला दाखवू. त्यानं ताट भिंतीवर फेकलं. तुझं नाव निघालं की तो असाच करतो.

सोमवारी दुकानातच सह्या होत्या. मी सगळ्यांसमोर विचारलं. अमरदीप हसला. "दादा, टायपिंगची चूक आहे. काना राहिलाय. घाला तुम्ही पेनानं."

मी आमच्या प्रतीत काना घातला. मग म्हटलं, आता कंपनीच्या प्रतीत घाला आणि बाजूला सही करा. तो म्हणाला, कंपनीच्या प्रतीत खाडाखोड चालत नाही. अक्का, तेव्हा मला कळलं. अण्णालाही कळलं असावं, कारण त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. डिपॉझिट भरून झालं होतं, पाटीसुद्धा लागली होती.

"नववी नापास, मला कायदा शिकवायलास व्हय?" अण्णा म्हणाला, आणि माझे केस धरून तोंड शटरच्या पट्टीवर आपटलं. दोनदा. समोरचा दात तिथंच पडला. लोक बघत होते, अमरदीप फोन बघत होता. मग अण्णानं अप्पांचं मनगट धरलं. अप्पा मूठ उघडेनात. त्यानं एकेक बोट मागे वाकवलं. अप्पा ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "संगू, वाच की रे परत एकदा." अण्णानं अंगठा शाईत दाबला आणि कागदावर नेला.

कंपनीनं पाठवलेल्या सामानात आलं कुटायचा लोखंडी बत्ता होता. तो मी अण्णाच्या हातावर मारला. अंगठा अर्धा उमटला तो त्यामुळे.

वर मी एकदा मारला असं वाटेल असं लिहिलं आहे. तीनदा मारला. पहिल्यानं हात सुटला नाही. दुसऱ्यानं सुटला, मनगटाचं हाड बाहेर आलं. अप्पा म्हणाले, "सुटला रं, सुटला हात." मी ते ऐकलं. नंतर तिसरा मारला, बोटांवर. तो कागदासाठी नव्हता, जमिनीसाठी नव्हता, दातासाठीही नव्हता. ताट, तुझे केस धरून तुला ओढत नेलं ते, शाळेतून मला काढलं ते, सगळं त्यात होतं. मारताना बरं वाटलं. हे पोलिसांना सांगायचं की नाही, तेही तुलाच विचारतो.

मग दोन्ही प्रती उचलून मी तिथून पळालो. अण्णा बीदरच्या दवाखान्यात आहे. दोन बोटं काढावी लागली, असं शेजारच्या गुरुबसवनं सांगितलं. त्यानंतर मी फोन बंद केला. शर्टाचा डाग काही जात नाही. अण्णाचं किती आणि माझ्या तोंडाचं किती, सांगता येत नाही.

आता प्रश्न. अर्धा अंगठा सही म्हणून धरतात का? अण्णा डाव्या हातानंही अप्पांना धरू शकतो आणि अमरदीप नवे कागद आणू शकतो. त्याआधी तू घरी जा. अप्पा दार उघडतील. मी समोर असताना तुला हाकललं, आता मीच जा म्हणतो आहे.

शुक्रवारी सकाळी अकराला मी भालकीच्या बस स्टँडवर उभा राहीन आणि तिथून ठाण्यात हजर होईन. तू आलीस तर तुझ्याबरोबर, नाहीतर एकटा. मला जामीन हवा आहे. काना दिला आहे, नीट पाहून घे.

खर्च: बस दोनशे दहा, लॉज तीनशे, साबण दहा, कागद व पाकीट बारा, एकूण पाचशे बत्तीस. देणे: तुझी फी. अण्णाच्या हाताचं किती, ते कळलेलं नाही. ती जागा रिकामी ठेवली आहे.

तुझा,
संगमेश्वर