समक्ष पाहिलं का?

शिवाजी पेठ, कोल्हापूर

प्रिय शिवांजली,

तुमच्या औषधांच्या दुकानांसाठी आम्ही सॉफ्टवेअरमध्ये जी एक नवी खिडकी बसवून दिली, तिचा खरा खर्च आधी सांगून टाकतो. तुझ्या मालकांनी पैसे दिले ते वेगळे. चोख दिले, तक्रार नाही. पण आमच्या ऑफिसातल्या संयोगितानं त्या खिडकीपायी स्वतःचा साखरपुडा पुढं ढकलला, आणि तिच्या होणाऱ्या सासूबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. माझा तालमीपुढच्या कट्ट्यावरचा चहा गेला. आणि तुझ्या अव्वाच्या, माझ्या बायकोच्या, सगळ्या सकाळी गेल्या, कारण तुमची कॅनडातली संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ, आणि त्या वेळी मी कामाला बसलेला. हा शेवटचा खर्च मी आजवर कुणाला दाखवलेला नाही.

फोन आहे की, पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर अव्वा शेजारी बसलेली असते. शिवाय फोनवर मी उगीच हसतो, ही माझी खोड तुला ठाऊक आहे. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. एकटी असशील तेव्हा वाच. गोष्ट एकच आहे. अव्वाच्या कंपवाताची गोळी आता पुरत नाही. ती बदलायला हवी, आणि बदलणारं मला इथं कुणी मिळत नाही.

तुमच्या तिकडं डॉक्टरांची चिठ्ठी फार्मसिस्ट बदलू शकतो, हे तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. मी एजन्सीची खोकी सायकलला बांधून मेडिकल दुकानांतनं पोचवत मोठा झालो. पुढं त्याच दुकानांना बिलाचं सॉफ्टवेअर विकलं. एवढ्या वर्षांत चिठ्ठीवरची अर्धी गोळी पाऊण करणारा माणूस बघितला नाही; कुणी केलीच असेल तर गुपचूप. तू म्हणालीस, तसं नाही अप्पा, इथं उघड करायचं. डोस बदलला तर कारण लिहायचं, पेशंटला विचारायचं, डॉक्टरांना कळवायचं, आणि खाली स्वतःचं नाव घालायचं. चुकलं तर ते नाव जबाबदार. हे बोलताना तुझा आवाज असा काही भारदस्त आणि ठाम झाला होता की मला वाटलं, ही आता आपली राहिली नाही, मोठी झाली.

आमची खिडकी ह्या डोस बदलण्यासाठीच. तिच्यात एक चौकोन आहे. पेशंटची स्थिती स्वतः तपासली का? आम्ही घरच्या मराठीत त्याला 'समक्ष पाहिलं का' म्हणतो. त्यावर खूण केल्याशिवाय पुढचं बटण दाबताच येत नाही. सुरुवातीला मी तुझ्या मालकांशी भांडलो होतो, की गिऱ्हाईक ताटकळतं, हा चौकोन काढा. ते हटले नाहीत. मग मीच तो असा पक्का करून दिला की कुणाला चुकवता येणार नाही. संयोगिता म्हणाली, "सर, तुम्ही तर चौकोनाला कुलूपच घातलंय की."

माझ्या कानांचं तुला नव्यानं सांगायला नको. गोडाऊनमध्ये खोकं नुसतं हलवून आतल्या डझनातली एखादी बाटली फुटलीय का ते सांगणारा मी. पेठेत बुलेट कुणाची, आवाजावर ओळखतो. आणि तुझ्या अव्वाचं तर मला भिंतीआडून सगळं कळतं. स्लिपर टपटप वाजली की गोळी चढलेली. फरफट सुरू झाली की उतरत आली. आवाज एकदम थांबला की ती दाराच्या उंबऱ्याशी खिळून उभी आहे, पाय उचलत नाही. मी जातो, खाली फरशीवर पिवळी टेप चिकटवलीय तिच्याकडं बोट दाखवतो, "हितनं उडी मार, शाळेतला टिक्कर-बिल्ला समज," म्हणतो. ती मला शिवी घालते आणि पाय टाकते. डॉक्टर तिला दोन महिन्यांतनं पाच मिनिटं बघतात. मी दिवसभर ऐकतो. त्यामुळं मला ठाऊक आहे की गोळीचा असर हल्ली पुढच्या गोळीपर्यंत पोचतच नाही. मधे एक लांबलचक पोकळी राहते. त्या पोकळीत तिला भाताचा घाससुद्धा गिळवत नाही.

करायचं तेवढं करून बघितलं. मोठे डॉक्टर पुण्याहून येतात, ते या महिन्यात परदेशी गेलेत. त्यांच्या दवाखान्यातली बाई म्हणते, पुढची तारीख घ्या. दुसऱ्या मोठ्या डॉक्टरांकडं नंबर लागला तोही पुढच्या महिन्यातला. पेठेतले आपले डॉक्टर भले माणूस, पण हात जोडून म्हणाले, दुसऱ्याच्या गोळ्या मी हलवत नाही, मृत्युंजयराव. मग हंबीररावांच्या मेडिकलमध्ये गेलो. म्हटलं, तुमी तरी सांगा, मधे अर्धी दिली तर? हंबीरराव कॉम्प्युटरवर थाप मारून म्हणाले, "अप्पा, चिठ्ठीवर हाय तेवढंच मी देणार. बदलायची सोय तुमच्याच सॉफ्टवेअरमदी न्हाय की!" दुकानातली सगळी हसली. मीही हसलो. बाहेर आल्यावर चप्पल कुठल्या पायात कुठली घालायची ते सुचेना.

शेवटी तुला विचारलं. तू म्हणालीस, "अप्पा, मी तिला तपासलेलं नाही, इथून सांगणं बरोबर नाही. आणि काल तर किती छान दिसत होती. तुम्ही उगीच घाबरताय, डोस हलवू नका." तुझं चुकलं नाही. तू जे बघितलंस त्यावरनं बोललीस. पण तू काय बघतेस ते आता तुला सांगायला हवं.

आम्ही तुला फोन लावतो तो संध्याकाळची गोळी चढल्यावर. आधी नाही, नंतर नाही. मी कानोसा घेत बसतो, पाय हलके वाजले की खूण करतो. मग ती तोंड धुते, विभूती लावते, इरकल लुगडं नेसवून मी तिला खुर्चीत बसवतो, पाठीशी दोन उशा. डावा हात पदराखाली, कारण तो गोळी चढली तरी थांबत नाही. मग तुझी अव्वा हसते, तुझ्या बर्फाची चौकशी करते, शेजारणीच्या सुनेची नक्कल करून दाखवते. असर उतरायला लागला की माझ्या गुडघ्याला चिमटा काढते आणि मी म्हणतो, चल ठेवतो, कुकर लावलाय. तू मधेच कधी फोन केलास आणि आम्ही उचलला नाही, देवळात गेलो होतो म्हणालो, तेव्हा आम्ही घरातच होतो. ही सगळी योजना तिची. "पोरीची परीक्षा हाय, मग तिकडं ऱ्हायची कागदं व्हायची हाईत. तिला सांगितलासा तर बघा, मी गोळीच घेणार न्हाय." असं म्हणाल्यावर मी काय करणार? तुझी परीक्षा झाली, कागदंही झाली. आमचं नाटक मात्र चालूच राहिलं. आम्हाला दोघांनाही त्यात थोडी मजा वाटायला लागली होती, हेही खरं.

मागच्या आठवड्यात खिडकी तपासायची होती. खोटे पेशंट भरून बघतात, तसे संयोगितानं भरले होते. मी आणखी एक भरला. नाव अव्वाचंच, शांतव्वा, गाव तुमचं तिकडचं, आजार आणि गोळ्या जशाच्या तशा. फार्मसिस्ट म्हणून तुझं नाव घातलं. डोस बदलला, मधे अर्धी गोळी वाढवली. कारण लिहिलं. पेशंटची संमती, होय. डॉक्टरांना कळवलं, होय. सगळं हिरवं होत गेलं आणि तो चौकोन आला. माझा हात थांबला. मागनं संयोगिता म्हणाली, "टेस्टच हाय की सर, मारा टिक." नाही मारली. मी खुर्चीतनं उठून बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो. ती पोरगी पाणी घेऊन आली आणि तांब्या पायरीवर ठेवून परत गेली.

घरी आलो आणि खरीखुरी गोळी सुरीनं अर्धी केली. बशीत ठेवली, वर वाटी उपडी घातली. अव्वा म्हणते, "द्या की. तुमच्या हातनं दिलासा तर काय व्हतंय?" तिला माझी एवढी खात्री! मला नाही. अर्धी जास्त झाली तर रक्तदाब पडतो, भलतंसलतं दिसायला लागतं, हे तुझ्याकडनंच ऐकलंय. रोज दुपारी मी वाटी उचलतो, अर्धी गोळी बघतो आणि पुन्हा झाकतो. बायको समोर जेवणाच्या ताटापाशी तोंड मिटून बसलेली आणि मी वाटी उचलतोय, झाकतोय. अजून दिली नाही. पण किती दिवस देणार नाही, याचा भरवसा आता मला माझाच वाटत नाही.

तेव्हा डोस मी तुला विचारत नाही. तू ये. जमेल तेवढ्या लवकर ये, आणि गोळी चढायच्या आधी तिला बघ. डॉक्टरांपुढं तू उभी राहा, त्यांच्या भाषेत बोल. माझं तिथं कुणी ऐकत नाही. सुट्टी मागायला तुला अवघड जाईल, पण तुझे मालक मला चांगले ओळखतात, मी बोलतो. हे आज लिहिण्याचं कारण असं. काल सकाळी ती मोरीच्या दारात पडली. हाड मोडलेलं नाही, एक्स-रे काढून आणला; मांडी काळीनिळी झालीय आणि उठवायला दोघं लागतात. मी पलीकडच्याच खोलीत होतो. कानाला हेडफोन लावून तुझ्या मालकांना तो चौकोन कसा चालतो ते दाखवत होतो. अव्वा म्हणते, तिनं बऱ्याच हाका मारल्या. मला एकही ऐकू आली नाही.

तुझाच,
अप्पा