घरटी एक मत

गुरुवार, २० मार्च २०२५

काय करून बसले मी आज!

दरवर्षीप्रमाणे अर्बाबने अंगणात इफ्तार दिला. अर्बाब म्हणजे आमच्या तिन्ही बिल्डिंगांचा मालक — खरं नाव कुणी घेतच नाही. आम्ही सगळे भाडेकरू खजूर, हरीस, सामोसे हाणत मजेत बसलो होतो. जेवणानंतर त्याचा नेहमीचा रिवाज. तिन्ही बिल्डिंगांना थंड हवा एकाच चिलर प्लांटमधून येते आणि तिचा रेट ठरवायला तिघांची कमिटी असते. एक त्याचा इंजिनियर, एक मॅनेजर आणि तिसरा भाडेकरूंचा माणूस. या तिसऱ्याच्या सहीशिवाय रेट हलत नाही. आता हा तिसरा कोण? तर अर्बाब ज्याच्याकडे बोट दाखवेल तो! गेली चौदा वर्षं ते बोट हर्बर्ट अंकलकडेच वळतंय. अंकल आमच्याच मजल्यावरचे, वसईचे, एका हॉटेलात अकाउंट्स बघतात. गोड माणूस.

पण आज बोटाआधीच मॅनेजरने सांगून टाकलं — मे महिन्यापासून युनिटला अठ्ठावन्नचे सहासष्ट फिल्स, एका दिरहमचे शंभर होतात ते. आठ फिल्स! म्हणजे एका युनिटमागे जवळजवळ दोन रुपये! आणि अंकलची सही झालेलीसुद्धा. ते आपले खाली मान घालून सामोसा खात होते.

माझं तोंड कुठलं गप्प बसतंय! ताडकन उभी राहिले. "हमको किसने पूछा?"

नवऱ्याने, श्रीनाथने, टेबलाखालून माझा पाय असा दाबला की अजून दुखतोय. अर्बाबने माझ्याकडे बघितलं आणि हसला. "चौदह साल से मैं उँगली दिखाता हूँ, चौदह साल से तुम लोग पीछे से बोलते हो. खलास. इस बार तुम लोग खुद दिखाओ. रेट तब तक बंद."

म्हणजे निवडणूक! आमच्या एसीची!

शुक्रवार, २१ मार्च

घरटी एक मत. ईद झाल्यावर, एप्रिलच्या शेवटी.

मी बेचाळीस वर्षांची. जन्म दुबईचा, शाळा दुबईची, लग्नही इथेच. पासपोर्ट भारताचा. आणि मतदान? आयुष्यात एकदाही नाही! इथे प्रश्नच येत नाही आणि तिकडे यादीत नाव नाही. दर निवडणुकीला पुण्याच्या मामेबहिणी शाई लावलेल्या बोटांचे फोटो पाठवतात आणि मी आपली अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळी होते.

श्रीनाथ म्हणाला, "मी नाशिकला चारदा केलंय. आपल्या घराचं मत तू दे."

केवढं सहज बोलला! शिवानी फोनमधून मान वर न काढता, "मॉम, इट्स जस्ट एसी."

बुधवार, ९ एप्रिल

मलाच उभं केलं. मला! पाचव्या मजल्यावरची अफशा आली, तिच्यामागे आणखी सहा-सात बायका. "ताई, तोंड तुम्ही उघडलंत, आता तुम्हीच उभ्या राहा." अफशा रत्नागिरीकडची, क्लिनिकमध्ये रिसेप्शनला आहे. नवरा गेल्याला तीन वर्षं झाली, दोन पोरं एकटीने वाढवतेय. मनातलं बोलायला तिला एक सेकंद लागत नाही. म्हणाली, "रेट वाढला ना, तर मला स्वस्त घरासाठी शारजाला जावं लागेल. पोरांची शाळा सुटेल. हे लक्षात ठेवून उभ्या राहा."

हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि चढले मी. छाती पुढे काढून सांगितलं — एक फिल्सही वाढू देणार नाही. शब्द देते!

शनिवार, १९ एप्रिल

दारोदार फिरतेय. एकाच बिल्डिंगमध्ये पंधरा वर्षं राहून निम्म्या लोकांची तोंडं आत्ता बघतेय. पठाण कुटुंबाने हिरवा चहा पाजला. फिलिपिनो नर्सेसनी नाव तीनदा विचारून लिहून घेतलं. एका इजिप्शियन म्हाताऱ्याने खुर्ची पुढे केली, शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाला, "बेटी, मेरे पास कोई पहली बार पूछने आया."

प्रत्येक दारात तेच वाक्य. एक फिल्सही नाही.

हर्बर्ट अंकल लिफ्टमध्ये भेटले. ते स्वतःही उभे आहेत. "बेस्ट ऑफ लक, गिरिजा. निवडून आलीस तर एकदा वर गच्चीवर ये." मी मनात म्हटलं, घाबरवताहेत मला!

रविवार, २७ एप्रिल

झालं! दिलं मत!

अंगणात वॉचमनच्या खोलीला पडदा लावला होता. आत टेबल, पेन, खजुराचा मोठा डबा, झाकणाला चीर पाडलेली. बस्स, एवढंच. पण लोक! सुट्टीचा दिवस, बेचाळीस डिग्री ऊन, आणि लोक इस्त्रीचे कपडे घालून रांगेत उभे! नर्सेस नाइट ड्यूटी करून थेट आल्या होत्या, डोळे लाल. पठाणांच्या आजी व्हीलचेअरवर. कुणी कुणाला ढकलत नव्हतं. बोलतसुद्धा हळू होते सगळे. कुणी सांगितलं होतं यांना असं वागायला?

पडद्याआड गेले आणि पेन उचललं. कागदावर दोन नावं — हर्बर्ट, गिरिजा. आयुष्यातलं पहिलं मत आणि ते स्वतःलाच! लाज वाटली. तरी केली खूण. चिठ्ठी डब्यात पडल्याचा बारीक आवाज आला आणि मला चक्क रडू आलं. बाहेर आल्यावर श्रीनाथने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, काही नाही, ऊन लागतंय.

मला त्रेसष्ट. अंकलना एकेचाळीस. अफशाने मला उचललंच!

सोमवार, २८ एप्रिल

त्रेसष्ट घरं. सकाळपासून हाच आकडा डोक्यात. चहा करताना त्रेसष्ट, मेट्रोत त्रेसष्ट. आईबाप, सासरचे सोडून माझ्यावर कुणी कधी भरवसा टाकला होता?

शनिवार, ३ मे

गच्चीवर गेले. अंकलनी बोलावलं होतं म्हणून नाही — कमिटीची म्हणून.

बापरे! चार अजस्र मशीन्स, माझ्या दुप्पट उंच. पंखे असे फिरत होते की ओढणी धरून उभं राहावं लागलं. आणि पाइप! एवढ्या उन्हात एका पाइपला हात लावला तर बर्फगार, घाम सुटलेला. हाच पाइप माझ्या बेडरूमपर्यंत येतो. जन्मभर मी अशाच थंडीत झोपले, वाढले, बाळंत झाले — आणि ती कुठून येते हे आज बघितलं! कितीतरी वेळ हात ठेवून उभी राहिले तिथे.

प्लांट सांभाळणारा रामेश्वर म्हणाला, "मैडम, चार में से एक तो गया. दो को हम दुआ पे चला रहे हैं." मला हसू आलं. त्याला नाही आलं. जुलैत आणखी एक बसलं की तिन्ही बिल्डिंगा बंद. बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री, आत तान्ही बाळं, व्हीलचेअरवरची आजी. नवीन मशीनचे अर्धे पैसे अर्बाब देणार, अर्धे रेटमधून. ते आठ फिल्स याचे होते.



रविवार, ४ मे

मी कसली विश्वास ठेवतेय! श्रीनाथच्या ओळखीचा एसी कॉन्ट्रॅक्टर आणला — अर्बाबशी त्याचा काडीचा संबंध नाही. दोन तास बघितलं त्याने. खाली येऊन म्हणाला, "वहिनी, तुमचा रामेश्वर देवमाणूस आहे. हे चालतंय हेच नवल."

मग थेट अंकलकडे गेले. भांडायलाच! "सांगितलं का नाहीत आम्हाला?"

"सांगितलं ना. गेल्या वर्षी सांगितलं, त्याच्या आदल्या वर्षी सांगितलं. पण मला अर्बाबने नेमलेलं, गिरिजा. मी काहीही बोललो तरी लोकांना अर्बाबच बोलतोय असं वाटायचं. तू स्वतः काय म्हणायचीस माझ्याबद्दल?"

काय म्हणायचे ते इथेही लिहिणार नाही.

मंगळवार, ६ मे

मॅनेजरने कागद पुढे केला. सही करा, आजच मशीनची ऑर्डर देतो. पेन हातात घेतलं आणि ठेवलं.

त्रेसष्ट घरांना शब्द दिलाय. सही केली तर मी खोटी. नाही केली तर जुलै.

श्रीनाथ म्हणतो, "अर्बाबने नेमलं असतं तर सही करून मोकळी झाली असतीस." अगदी खरं. अंकल म्हणतात, "कर सही. पंधरा दिवस ओरडतील, मग बकरी ईद येईल, विसरतील."

विसरतील! हेच नकोय मला.

बुधवार, ७ मे

अफशाला आधी सांगितलं. तिला तरी बाहेरून कळायला नको.

ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "तुम्हालाही पाजला का अर्बाबने चहा?" आणि दार लावून घेतलं.



शुक्रवार, ९ मे

अर्बाबकडे गेले, एकटीच. म्हटलं, रेट वाढवायला लागणार, पण मी उलटा शब्द देऊन निवडून आलेय. तेव्हा पुन्हा मत घ्या. एका चिठ्ठीवर रेट — वाढवायचा की नाही. दुसऱ्या चिठ्ठीवर मी — ठेवायची की दुसरं कुणी.

त्याने कॉफीचा कप उचलला. "तुम कुर्सी पर बैठी हो. खुद क्यों उठती हो?"

"बैठाया उन्होंने है."

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. मग मान हलवली आणि म्हणाला, "यल्ला, चलो. मैं भी देखूँगा."

शनिवार, १० मे

नोटीस लागली. अफशा माझ्याविरुद्ध उभी राहिलीय. बरोबरच आहे तिचं. तरी लिफ्टजवळ तिचं नाव माझ्या नावाखाली बघून छातीत लागलंच.

बुधवार, १४ मे

जो म्हणेल त्याला गच्चीवर नेतेय. रोज संध्याकाळी दहा-बारा जण. वर जाताना तावातावाने बोलतात, पाइपला हात लावला की प्रश्न विचारायला लागतात. इजिप्शियन बाबा जिन्याने चढले! वर पोचून दम लागलेला, तरी चारही मशीन्सपुढे एकेक करून उभे राहिले. काही जण खाली उतरल्यावर मला स्पष्ट म्हणाले, "तुम्ही खोटं बोललात." हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आज अफशा आली. माझ्याशी एक शब्द नाही. सगळं बघून रामेश्वरला विचारलं, "ही जाडी लाइन कुठे जाते?" खालच्या दुकानांना. रेस्टॉरंट, लाँड्री, सुपरमार्केट. "मग त्यांचा रेट वाढतोय का?"

बरोबर आलेला मॅनेजर म्हणाला, नाही. मी? मला सुचलंच नव्हतं! दहा दिवस मी माझ्या शब्दाचं दुःख करत बसले आणि दुकानांचा विचार एकदाही मनात आला नाही. अंकलनाही चौदा वर्षांत आला नसावा.

गुरुवार, १५ मे

दुकानंही हिस्सा देणार. अर्बाबने एका फोनवर कबूल केलं. आठचे पाच फिल्स झाले. एका प्रश्नाने!

अफशाला जिन्यात गाठलं. म्हटलं, "परवडेल आता?" म्हणाली, "ओढून ताणून." आणि वर, "ताई, तुमच्यावरचा राग गेलेला नाही." गेला नसेलच. माझाही कुठे गेलाय माझ्यावरचा!

रविवार, १८ मे

पुन्हा तीच रांग, तोच डबा. यावेळी ऊन जास्त आणि माणसंही जास्त. रागावून आलेली माणसंसुद्धा रांगेत! शिव्या द्यायच्या तर तोंडावर देता आल्या असत्या, मी समोरच उभी होते. पण नाही — पडद्याआड गेले, खूण केली, बाहेर आले, मला "नमस्ते" म्हणाले आणि घरी गेले. अंगावर काटा आला माझ्या. अर्बाब खुर्ची टाकून शेवटपर्यंत बसला होता, बोट न उचलता. शिवानी स्वतःहून खाली आली आणि आजींची व्हीलचेअर ढकलत होती. "मॉम, व्हेन आय टर्न एटीन, डू आय गेट वन?" म्हटलं, घरटी एकच आहे गं बाई, भांडावं लागेल माझ्याशी.

मी आत गेले आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर चटकन खूण करून आले. मोजणी उद्या सकाळी.

सोमवार, १९ मे

वाढ मंजूर. मी पडले. अफशा आली.

रेटच्या चिठ्ठीवर मी "हो" म्हटलं. दुसऱ्या चिठ्ठीवर अफशाला मत दिलं. श्रीनाथलाही सांगितलेलं नाही.