माझ्या आवाजाची व्यवस्था

मी, प्राणेश शेषगिरी राव, वय पंचावन्न, विमा कचेरीतला कारकून, राहणार वेस्ट मांबलम, चेन्नई, आज शनिवारी सकाळी घरच्या जेवणाच्या टेबलापाशी बसून स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. रक्तदाब आहे, पण माझ्या मुलाची गाणी ऐकणाऱ्या कोणालाही तो होईल. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नीचा आहे, पण तो हे लिहू नये असा आहे आणि मी तो मानलेला नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

आजच लिहिण्याचं कारण असं. उद्या दुपारी मी शहराच्या उत्तर टोकाला एन्नोरला एळुमलै नावाच्या तरुणाकडे जेवायला जाणार आहे. हा तरुण माझा मुलगा श्रीवत्स याच्या जिवावर उठला आहे. मी येतो असा निरोप धाडला, तर उत्तर आलं, "या. एकटे या." त्यापलीकडे त्याने काही लिहिलेलं नाही.

वकिलाकडे गेलो असतो तर त्याने सगळं इंग्रजीत छापून दिलं असतं आणि ते माझंच आहे हे मलाही पटलं नसतं. आम्ही तंजावरकडचे. घरात जी मराठी बोलतो तिच्यात निम्मं तमिळ असतं. पत्नी कल्पना साताऱ्याची. लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून ती माझी मराठी दुरुस्त करत आली आहे, म्हणून ही कागदावर उभी राहते आहे.

१. घर. दुसऱ्या मजल्यावरचा आमचा फ्लॅट, त्यातलं सामान आणि बँकेत जे काही असेल ते सगळं कल्पनाचं. तिने तो विकून साताऱ्याला जावं असं मला वाटतं. जिन्यातला दिवा गेल्या महिन्यात दोनदा फुटला आहे आणि तो वाऱ्याने फुटलेला नाही. तिने इथेच राहायचं ठरवलं, तर माझा चुलत भाऊ कृष्णाजी, जो खालच्या मजल्यावर राहतो आणि ज्याला मी या मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमत आहे, त्याने दाराला लोखंडी जाळी बसवून घ्यावी.

२. वडिलांच्या चिपळ्या आणि उपरणं कृष्णाजीला. माझे वडील शेषगिरी राव कीर्तन करत. साकी, दिंडी अशा झपाट्याने म्हणत की ऐकणाऱ्याला धाप लागे आणि त्यांना लागत नसे. मी कॉलेजात रॅप करू लागलो तो त्यांच्याच बळावर. ड्रमच्या ठेक्यावर साकीची चाल बसवली, शब्द तमिळ आणि मराठी घातले. एकदा ते ऐकायला आले, मागे उभे राहिले आणि घरी येऊन म्हणाले, "ताल आहे. भक्ती कोठ आहे?" पुढे ते माझ्याशी सहा महिने नीट बोलले नाहीत. त्यांचा राग मला तेव्हा मूर्खपणाचा वाटला होता.

३. रेकॉर्ड फिरवायची दोन टर्नटेबल, मिक्सर, मायक्रोफोन, सगळ्या रेकॉर्ड. एका हॉटेलातलं नाचघर बंद झालं तेव्हा मी आणि तेव्हा माझ्याबरोबर गाणाऱ्या नारायणस्वामीने टर्नटेबल उचलून आणली. ती श्रीवत्सला, पण कलम सहातल्या अटीवर. नारायणस्वामीला त्यातलं काहीही देऊ नये, ओढून नेण्यासाठी आला तरी देऊ नये. याच माणसाने आमचं पहिलं गाणं भांड्यांच्या दुकानाच्या जाहिरातीला दिलं. आजही टी. नगरच्या बाजारात गेलो की माझ्या तरुणपणाच्या रागावर कोणीतरी कुकर विकत असतं. त्याला माफी नाही. अंत्यदर्शनाला यायचं असेल तर येऊ द्यावं.

४. आता आमच्या भांडणाबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वत्साचं, म्हणजे श्रीवत्सचं, म्हणणं की माझं हिप हॉप म्हातारं झालं. माझं म्हणणं की त्याचं हिप हॉप कधी जन्मलंच नाही. तो सकाळी शोळिंगनल्लूरच्या कचेरीत संगणकापुढे बसतो आणि संध्याकाळी घरी येऊन परत संगणकापुढे बसतो. मधे कोठेही त्याला माणूस भेटत नाही. ठेका यंत्राचा, सूर यंत्राने सरळ केलेला. ते मी एक वेळ सोसलं. मग त्याने माझ्या जुन्या कॅसेट यंत्राला ऐकवल्या आणि माझा आवाज त्याला शिकवला. कल्पनाच्या वाढदिवसाला जेवताना त्याने फोन टेबलावर ठेवला आणि त्यातून मी तिला शुभेच्छा दिल्या. आवाज अस्सल माझा, पंचविशीतला. शब्द मी कधीच न म्हटलेले. कल्पना आधी हसली, मग ताट अर्धं टाकून आत गेली.

मी त्याला सांगितलं, "आवाजाच्या पाठीशी माणूस उभा पाहिजे. ज्याला राग आला त्याला थोबाडीत मारता येईल एवढ्या अंतरावर."

"अप्पा, तुमचे अप्पा पण तुम्हास असंच सांगटले नं? त्यांस भक्ती पाहिजे होती, तुम्हास माणूस पाहिजे. मज ऐकणारे पाहिजेत."

मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी पंखा बंद कर म्हणालो. आजही सुचलेलं नाही. तरी माझंच खरं आहे.

कारण आमच्या वेळच्या रॅपवाल्यांत एक रीत होती. स्टेशनामागच्या मैदानात रायपुरमची, एन्नोरची मुलं यायची आणि आम्ही एकमेकांची यथेच्छ निंदा करायचो. पण ज्याची करायची तो समोर उभा हवा. आईचं नाव घ्यायचं नाही, मेलेल्याचं नाव घ्यायचं नाही. आणि संपलं की निंदा करणाऱ्याने घरून आणलेला चिंचेचा भात सगळ्यांनी एका डब्यातून खायचा. पहिला घास ज्याची निंदा झाली त्याचा. त्याने घास घेतला की विषय मिटला. न घेता उठून गेला असा एकही प्रसंग मला आठवत नाही.

५. दिवाळीआधी वत्साने एन्नोरच्या मुलांवर गाणं केलं. ही मुलं त्याला डिस म्हणतात, म्हणजे नाव घेऊन काढलेली लाज. एळुमलै तिथल्या टोळक्याचा म्होरक्या. तोही रॅप करतो आणि बरा करतो. वत्साला एका ओळीत यमक जुळेना, म्हणून त्याने एळुमलैच्या धाकट्या भावाचं नाव घातलं. दिल्लीबाबू. तो पोरगा वीजकेंद्राजवळच्या खाडीत बुडून गेला होता. वत्स त्याला कधी भेटला नव्हता. नाव फोनवर शोधून सापडलं.

आमच्याकडे मेलेल्याचं नाव श्राद्धाला घेतात, हातात तीळ आणि पाणी घेऊन, आणि घेताना आवाज आपोआप खाली येतो. हे मी त्याला बोललो. तो म्हणाला, "अप्पा, नाव न घेतलं तर कोण ऐकणार?" पुष्कळांनी ऐकलं.

एन्नोरहून उत्तराचं गाणं आलं. सुरुवातीला प्रेतयात्रेपुढे वाजतो तो ढोल, आणि मग आमच्या रस्त्याचं नाव, इमारतीचं नाव, मजला. मग दिवा फुटला. मग वत्साच्या स्कूटरवर प्रेताला घालतात तसला हार सापडला, ताजा, पाणी शिंपडलेला. मोटारसायकली रोज संध्याकाळी खाली थांबतात. कोणी उतरत नाही, कोणी शिव्या देत नाही. इंजिन चालू ठेवून वर बघतात आणि जातात. कृष्णाजी पोलिसात जा म्हणतो. गेलो तर पहिला गुन्हा वत्साच्या गाण्याचाच लिहिला जाईल. वत्स चार दिवसांपूर्वी मित्राकडे राहायला गेला. माझा फोन घेत नाही, आईचा घेतो. मी एन्नोरला जाणार हे त्याला तिच्याकडूनच कळलं आहे.

म्हणून मी भात घेऊन चाललो आहे. मुलाच्या निंदेचा भात बापाने नेला तर चालतो का, याबद्दल रीत काही सांगत नाही. मला भीती वाटते. ती लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी मला शूर म्हणणार नाही.

६. अट. मी परत आलो नाही, तर श्रीवत्सने माझ्यावर गाणं करू नये. उत्तर म्हणून नको, आठवण म्हणूनही नको. माझं नाव, माझा आवाज, खरा किंवा यंत्राचा, वापरू नये. केलं तर टर्नटेबल समुद्रात टाकावीत. वत्सा, तू गाणं केलंस की ते उत्तर देतील, आणि त्या उत्तरात तू असशील. मला तू जिवंत पाहिजेस. तुझी गाणी मला आवडत नाहीत आणि तू मला फार आवडतोस. हे दोन्ही एकत्र नांदू शकतं, हे तुला मी वेळेवर नीट सांगितलं नाही, एवढंच.

इथवर लिहून मी कृष्णाजीला आणि त्याची मुलगी सौम्या हिला साक्षीसाठी वर बोलावलं. मी त्यांच्यासमोर सही केली, त्या दोघांनीही केली.

पुरवणी. सह्या होत असतानाच सौम्याचा फोन वाजला आणि तिचा चेहरा उतरला. वत्साचं नवं गाणं आलं होतं. आम्ही चौघांनी टेबलाभोवती उभ्याने ऐकलं. त्यात मी आहे. मी एळुमलैला म्हणतो आहे की मी तुझ्या घरी येतो आहे, आणि तुझा भाऊ जिथे आहे तिथे तुला पोचवून परत जाणार आहे.

कल्पनाने वत्साला फोन लावला. तो आनंदात होता. "आई, अत्ता अप्पा जाऊच शकत नाहीत. घरी राहतील." त्याने हे मला वाचवायला केलं आहे. त्याच्या डोक्यात गाणं गाण्यापुरतंच असतं.

त्यानंतर थोड्याच वेळात एळुमलैचा निरोप आला. "ऐकलं. उद्या कशाला? आजच या. नाहीतर आम्ही मुलाकडे जातो. तो कोठे राहतो ठाऊक आहे."

सौम्या म्हणाली, "काका, हा मशीनचा आवाज आहे एवढंच त्यांना सांगा. आमच्या ऑफिसातले लोक तपासून लिहून देतील."

"आणि मशीन कोणी चालवलं, ते कोण लिहून देणार?"

कृष्णाजी म्हणाला, "प्राणेशा, हा तुझा आवाज नव्हे. मज ठाऊक आहे, सगळ्यांस ठाऊक आहे."

"तू व्यवस्थापक आहेस. सांगतो ते कर."

कल्पनाने आजच्या डब्यासाठी तांदूळ धुवायला घेतले.

पुढचं पान सुटं ठेवलं आहे. पोलिसात किंवा एन्नोरला कागद दाखवायची वेळ आली, तर कृष्णाजीने तेवढंच पान दाखवावं. ही मागची पानं कल्पनाकडे राहतील आणि वत्साने चाळिशी ओलांडल्यावर तिला वाटलं तर ती त्याला देईल.

*

मी, प्राणेश शेषगिरी राव, राहणार वेस्ट मांबलम, चेन्नई, शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दबावाशिवाय जाहीर करतो की आज प्रसिद्ध झालेल्या गाण्यातला आवाज माझा आहे. शब्द मी लिहिले आणि मीच म्हटले. त्यात कोणत्याही यंत्राचा संबंध नाही. आधीच्या गाण्यात कै. दिल्लीबाबू याचं नाव घालायलाही मीच सांगितलं. माझा मुलगा श्रीवत्स याला त्या नावाचा अर्थ ठाऊक नव्हता. त्याने बापाचं ऐकलं, एवढाच त्याचा दोष. जे काही घ्यायचं असेल ते माझ्याकडून घ्यावं आणि माझ्यापाशी थांबावं.

सही: प्राणेश शेषगिरी राव

साक्षीदार:
१. कृष्णाजी तुळजाजी राव
२. सौम्या कृष्णाजी राव

स्थळ: वेस्ट मांबलम, चेन्नई
दिनांक: ८ नोव्हेंबर २०२५