मी माझ्याच आईचा मुलगा असल्याची खात्री पटवून मिळणेबाबत

प्रति,
मा. जनजागृती अधिकारी साहेब,
सायबर सुरक्षा जनजागृती कक्ष,
नांदेड.

अर्जदार : दयानंद पि. कै. दगडोबा पवळे, वय ३४, व्यवसाय नोकरी (वसतिगृह अधीक्षक, लातूर), रा. मौजे हिरडगाव, ता. उमरी, जि. नांदेड. सध्याचा मुक्काम : वरील घराचा ओटा.

विषय : (१) दिवाळीनिमित्त ऑनलाइन साडी मागवली असता खिडकीचा पडदा आल्याबाबत.
(२) आई घरात घेत नसल्याने, मी खरा असल्याची तिची खात्री पटवून मिळणेबाबत.

संदर्भ : आपण दसऱ्यानंतर आमच्या गावात मारुतीच्या पारावर दिलेले 'सणासुदीत फसू नका' हे व्याख्यान.

महोदय,

वरील विषयी विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की,

१. आपल्या व्याख्यानाबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. ते अत्यंत परिणामकारक झाले. तसे झाले नसते, तर मी आज ओट्यावर बसून हा अर्ज लिहीत नसतो. माझी आई केवळाबाई भ्रतार कै. दगडोबा पवळे त्या दिवशी पहिल्या रांगेत बसली होती. शेजारच्या सरजाबाई सांगतात की, चहा आल्यावर बाकी मंडळी उठली, पण आई आपले व्याख्यान संपेपर्यंत जागची हलली नाही. मी त्या वेळी लातूरला असल्याने आपण नेमके काय बोललात ते मला माहीत नव्हते. आता मला ते सर्व पाठ झाले आहे.

२. मी ज्या वसतिगृहात नोकरीस आहे, तेथील मुले वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करतात. त्यांचे उजळणीचे वर्ग दिवाळीतही चालू असतात. त्यामुळे गेल्या काही वर्षांत मला दिवाळीस गावी येणे शक्य झाले नाही. मात्र आईस दर दिवाळीला न चुकता पार्सलने साडी पाठवली आहे, ही बाब नमूद करतो. यंदाही पाठवली. त्यानंतर वसतिगृहाची पाण्याची मोटार जळाली, मुलांना घरी सोडावे लागले आणि मला अनपेक्षित रजा मिळाली. अचानक जाऊन आईस चकित करावे, या हेतूने मी काहीही न कळवता निघालो. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मी घरापुढे उभा राहिलो व कडी वाजवली.

३. आईने खिडकीतून पाहिले. मी म्हणालो, "आई, मी दयानंद. दार उघड." आई म्हणाली, "दयानंद लातुरात हाय." मी म्हणालो, "अगं, मीच तो. लवकर उघड, बसमध्ये उभं राहून पाय गेलेत." यावर आईने मान डोलावली व म्हणाली, "साहेबांनी सांगितलंय. जो घाई करून राहिला, तो फशिवणारा असतो."

मला वाटले, आई थट्टा करते आहे. परंतु तिने पुढे आपल्या व्याख्यानातल्याच शब्दांत सुनावले की, सणाच्या दिवसांत न मागवता जे दाराशी येईल, ते तपासल्याशिवाय घरात घ्यायचे नाही. "मी लेक मागिवला न्हवता," असे तिचे वाक्य आहे. शिवाय, जे फार चांगले दिसते ते हमखास खोटे असते, असेही आपण सांगितल्याचे ती म्हणते. "माझा लेक दिवाळीला येत न्हाई. त्याचं पार्सल येतंय. तुमी आलात, म्हंजी तुमी तो न्हाईत."

जन्मापासून मला 'आरं' म्हणणारी आई मला 'तुमी' म्हणत आहे, इकडे आपले विशेष लक्ष वेधतो.

४. ओळख पटवण्यासाठी मी केलेले प्रयत्न पुढीलप्रमाणे. आधार कार्ड खिडकीच्या गजांतून आत दिले. आईने ते उलटसुलट करून परत दिले. "असली कार्डं बी छापतात, साहेबांनी दाखवली व्हती." धर्माबादला दिलेली माझी बहीण दीपाली हिला फोन लावून स्पीकरवर ठेवले. ती म्हणाली, "आई, दादाच हाय तो." आई म्हणाली, "आवाज तयार करतात आजकाल." दीपाली त्या वेळी हसत होती असा माझा समज आहे, परंतु नेटवर्क खराब असल्याने खात्रीने सांगता येत नाही. सरपंच अमृतराव स्वतः आले व खिडकीशी उभे राहून म्हणाले, "केवळाकाकू, ह्याच्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्ल्यात, हा आपला दयाच हाय." आईने त्यांच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले व म्हणाली, "अमृतराव, तुमी ती लिंक दाबली वाटतं." सरपंच तेव्हापासून चिंतेत आहेत. स्वतःच्या हातून खरोखरच काही दाबले गेले होते का, हे ते दोन-तीनदा मला येऊन विचारून गेले.

५. आपण व्याख्यानात असेही सांगितले होते की, प्रत्येक कुटुंबाने खुणेचा एक शब्द ठरवावा, म्हणजे नातेवाइकाच्या नावाने कोणी संपर्क केल्यास खरेखोटे कळते. आईने असा शब्द ठरवला आहे. मात्र गुप्त शब्द कोणालाही सांगू नये, हेही आपणच सांगितले असल्याने तिने तो कोणालाही सांगितलेला नाही. दीपालीला माहीत नाही. मला माहीत असण्याचा प्रश्नच नाही. मी आमच्या म्हशीचे नाव, वडिलांचे नाव व आईच्या माहेरच्या गावाचे नाव सांगून पाहिले. आई म्हणाली, "तीनदा चुकलं. आता उद्या." दुसऱ्या दिवशी ग्रामदैवत, कुलदैवत व माझ्या शाळेचे नाव सांगितले. पुन्हा खिडकी लागली. याप्रमाणे माझे प्रयत्न रोज संपतात.

६. या काळात माझी आबाळ झाली, असे म्हणता येणार नाही. "कुणाचा का असंना, सणाचा उपाशी कशाला ठिवायचा," असे म्हणून आई खिडकीतून फराळाची बशी देते. पहिल्याच रात्री तिने गोधडी दिली. नरकचतुर्दशीस उटण्याची वाटी व ऊन पाण्याची बादली मागच्या दाराबाहेर ठेवून, मी परसातल्या न्हाणीत गेल्यावर दार आतून लावून घेतले. लक्ष्मीपूजनाचा प्रसादही मिळाला. गावातील माणसे येताजाता ओट्यावर थांबतात, आमच्याच दारात मला 'कधी आलास' म्हणून विचारतात आणि आईस ऐकू जाईल असे माझे नाव मोठ्याने घेतात. आई आतून म्हणते, "बिचाऱ्या समद्यांनाच फशिवलं की ह्यानं."

७. आता मूळ तक्रारीकडे वळतो. पाडव्याच्या दिवशी मी ओट्यावर बसलेला असताना पार्सलवाला मोटारसायकलवरून आला व केवळाबाई पवळे यांचे घर हेच का, म्हणून विचारू लागला. ती मी लातूरहून मागवलेली साडी होती. मोबाईलवर एक जाहिरात आली होती. अस्सल पैठणी, फक्त आजचा दिवस, तीनच नग शिल्लक, आणि खाली उलटे चालणारे घड्याळ. दुकानाचे नाव एका प्रसिद्ध दुकानासारखे होते, फक्त एक अक्षर वेगळे होते, हे मला नंतर दिसले. घड्याळ थांबण्याच्या आत मी सर्व रक्कम आगाऊ भरली होती.

पार्सल पाहताच आईचा चेहरा खुलला. माझ्याकडे बोट दाखवून ती पार्सलवाल्यास म्हणाली, "बघा! खरा लेक तिकडून साडी धाडतोय अन् हे इथं त्याचं नाव सांगून बसलेत!" माझ्याच पार्सलने माझ्याविरुद्ध दिलेली ही साक्ष येथे नोंदवून ठेवतो.

पार्सलवाल्याने ओटीपी मागितला. आई म्हणाली, "मेले तरी देणार न्हाई." तो ओटीपी माझ्या मोबाईलवर आला असल्याने मी ओट्यावरून मोठ्याने वाचून दाखवला. आकडे जुळले. पार्सलवाला म्हणाला, "मावशी, म्हंजी ह्यांनीच मागिवलंय हे." मला वाटले, आता सुटलो. आईने डोक्याला हात लावला. "अगं बाई, माझ्या लेकाचा मोबाईल बी चोरला का ह्यानं!"

८. पार्सल उघडताना व्हिडिओ काढावा, या आपल्या सूचनेप्रमाणे सरजाबाईंना बोलावण्यात आले. त्यांनी मोबाईल धरला, आईने खिडकीशी बसून विळीने चिकटपट्टी कापली. आत पैठणी नव्हती. खिडकीच्या पडद्याचा अर्धा तुकडा निघाला, तोही वापरलेला, वरच्या कड्यांसह. व्हिडिओत त्यानंतर बराच वेळ सरजाबाईंचा अंगठा दिसतो.

आईने तो तुकडा मांडीवर पसरला व त्यावरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "माझ्या लेकराला कुणीतरी फशिवलं की. शिकल्यालं लेकरू, पण साधं हाय." थोड्या वेळाने ती पुन्हा खिडकीशी आली. हातात कोरा कागद होता. "पाव्हणं, लिवता येतंय का तुमाला?"

मी येते म्हणालो.

"मग लिवा. साहेबाला कळवा, लातुरात माझ्या लेकाला फशिवलं म्हणून."

त्यानुसार हा अर्ज माझ्या फसवणुकीबाबत, माझ्या आईच्या सांगण्यावरून, माझ्याच हस्ताक्षरात, एक अनोळखी पाव्हणा या नात्याने मी लिहीत आहे. यात काही विसंगती दिसल्यास समजून घ्यावे. विषयातील दुसरा मुद्दा मी आईच्या नकळत घातला आहे. पडद्याचा तुकडा मागाल तेव्हा हजर करू.

९. आईने पुढील मजकूरही जसाच्या तसा लिहावयास सांगितला. याचा गुन्ह्याशी संबंध नाही, साहेब असले वाचत नाहीत, असे मी म्हणालो. ती म्हणाली, "लिवा तुमी." म्हणून लिहितो :

"लेकराला म्हणावं, साडी गेली तर जाऊ दे, जिवाला लावून घिऊ नको. पेटीत साड्या लई झाल्यात. नेसलं तर बघाया कोण हाय? सरजाबाई एक बघती, तिला बी मोतीबिंदू हाय. त्याला म्हणावं, तू काही धाडू नको. हात हालवत आला तरी चालतंय."

हे लिहून झाल्यावर मी पेनला टोपण लावले. आईने विचारले, "पोचंल का त्याला?"

मी म्हणालो, "पोचलं."

"इतक्या बिगीनं?"

"हाव," मी म्हणालो. ती थोडा वेळ गजांना धरून उभी राहिली आणि आत गेली.

१०. आज सकाळी चहाबरोबर आईने खिडकीतून चिवड्याची बशी दिली. मला चिवड्यातले खोबरे लहानपणापासून चालत नाही. तोंडात आले की मी थुंकून टाकत असे व त्यासाठी मार खात असे. आमच्याकडच्या चिवड्यात खोबऱ्याचे काप भरपूर असतात. सरजाबाईंच्या पोराच्या हातात त्याच डब्यातला चिवडा होता, त्यात ते दिसत होते. माझ्या बशीत एकही नव्हता. मी चिवडा बोटाने पसरून पाहिला. तळाशीही नव्हता. आता आठवून पाहता, धनत्रयोदशीपासून मिळालेल्या एकाही बशीत खोबऱ्याचा तुकडा माझ्या दाताखाली आलेला नाही. अनोळखी माणसाच्या बशीतले खोबरे रोज बसून वेचून काढण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही.

११. हे वाक्य लिहीत असताना आतून कडी निघाल्याचा आवाज आला आहे. दार मात्र कोणी उघडलेले नाही. ते मीच ढकलावे, अशी अपेक्षा असावी.

सबब विनंती की, विषय क्र. १ बाबत उचित चौकशी व्हावी. विषय क्र. २ रद्द समजावा. त्या कामी आपण कोणासही आमच्या घरी पाठवू नये, पाठवल्यास त्यास आत घेतले जाईल याची हमी मी देऊ शकत नाही.

कळावे, आत जातो.

आपला विनम्र,
(सही)
दयानंद पि. कै. दगडोबा पवळे
स्थळ : मौजे हिरडगाव, ता. उमरी
दिनांक : २४/१०/२०२५