चढावरचा गिअर

३ मार्च, सकाळी ७
पेपरात बातमी. एका कंपनीने सायकलचा आपोआप बदलणारा गिअर काढलाय आणि पेटंटसाठी अर्जही केलाय. चोर लेकाचे! हा गिअर मी सात वर्षांपूर्वी मागच्या खोलीत बनवला. आजपासून लढा. डोकं शांत हवं म्हणून चहात साखर बंद.

३ मार्च, सकाळी ९
साखर घेतली. लढा उद्यापासून.

६ मार्च
पुरावा म्हणून सायकल पुसून काढली. हाताने गिअर टाकायची जुनी लिव्हर हँडलवर तशीच आहे, नुसती शोभेला. तरी तिचं रबर झिजून अंगठ्याएवढा खड्डा पडलाय. लिव्हर विकणाऱ्या सायकलच्या दुकानदाराला फोनवर झाडलं, रबर निकृष्ट दिलं म्हणून. म्हणे वापरल्याशिवाय रबर झिजत नाही. अडाणी माणूस.

११ मार्च
वकीलबाई म्हणाल्या, कंपनीच्या अर्जाच्या आधी सायकल रस्त्यावर चालताना पाहिलेला एक तरी साक्षीदार आणा. मी छाती काढून सांगितलं, कडक गुप्तता पाळली होती. त्यांनी विचारलं, घरी येणारं-जाणारं कोणी? मित्र? कोणीच नाही म्हटलं, यावरून गुप्ततेची कल्पना करा. त्यांनी पेन खाली ठेवलं.

१४ मार्च
शेजाऱ्याला विचारलं. त्याला वाटत होतं हे घर रिकामं आहे.

१८ मार्च
एकच साक्षीदार उरतो. बायको. चार वर्षांपूर्वी दोन दिवस भावाकडे जाऊन येते म्हणाली, ती तिकडेच. मी बोलावलं नाही. पेटंट मिळालं की आपणहून येईल, असा माझा अंदाज. तेव्हा सायकल चालवून चाचणी तीच घ्यायची. गिअरच्या स्प्रिंगला पायाचा जोर कळायला माणूस बसलेला लागतो आणि मला सायकल येत नाही (हे वकीलबाईंना सांगायचं नाही). मी घराजवळच्या चढाच्या टोकाला वही घेऊन उभा. ती अर्ध्यावर आली की गिअर खट्कन पडायचा. रोज! वहीत सगळं आहे.

१९ मार्च
फोन केला. लगेच हो म्हणाली, वकीलबाईंना लिहून पाठवते. जेवलात का, असंही विचारलं. मी म्हटलं, विषयांतर नको.
नंतर आठवलं, जेवलो नव्हतो.

२ एप्रिल, दुपारी
वकीलबाईंनी तिचा जबाब वाचून दाखवला. लिहिलंय की गिअर आपोआप एकदाही पडला नाही. पहिल्या दिवशी चढ चढवेना, म्हणून तिने अंगठ्याने लिव्हर ओढली. वर बघते तर हे वही हवेत उडवून नाचतायत. मग सांगवेना. दोन वर्षं रोज ओढत राहिली. कोर्टात मात्र खोटं बोलवणार नाही, माफ करा.
वकीलबाई म्हणाल्या, केस संपली.

२ एप्रिल, संध्याकाळी
सायकल ढकलत चढापर्यंत नेली आणि परत आणली. खड्ड्यात अंगठा ठेवून पाहिला. माझा मावत नाही. फार एकटं वाटलं.
दुकानदाराला फोन करून माफी मागितली. मग तिला लावला. जेवलीस का, एवढंच विचारायचं होतं. कोणी उचलला नाही.