पाचव्या ओळीची रेघ

बाबा,

आज मंगळवार, नऊ डिसेंबर. दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत. मी आपल्या वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर बसलो आहे. पुढ्यात टर्पेंटाइनच्या डब्यात ब्रश बुडवून ठेवला आहे आणि तुमच्याच अंदाजाच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर हे लिहितो आहे. आतल्या भिंतीवरचं पंचशील पुन्हा रंगवायचं काम समितीनं मला दिलं. मूळ अक्षरं तुमची, पंधरा वर्षांपूर्वीची, आता फिकट झालेली. सकाळपासून चार ओळी झाल्या. पाचवी राहिली आहे, दारू आणि नशेपासून दूर राहण्याची. चौथी ओळ वाळू दे म्हणून थांबलो आहे, असं मी मघाशी काम बघायला आलेल्या आशाताईंना सांगितलं. पाचवी ओळ चौथीच्या खाली वीतभर अंतरावर आहे, तिला वाळण्याशी काही देणंघेणं नाही. तुम्ही असता तर लगेच ओळखलं असतं.

चार महिने आणि सहा दिवस मी प्यायलेलो नाही. हे मी रोज सकाळी मोजतो, मग दात घासतो. दवाखान्यातून बाहेर आल्यापासून लहानसहान कामं केली, गेट रंगवलं, पाण्याच्या टाकीवर आकडे टाकले. पण लांब रेघ ओढायचं काम हे पहिलंच. तुम्ही म्हणायचा, अक्षर कोणीही काढतो, पेंटर कळतो तो वरच्या रेघेत. ती एका दमात, ब्रश न उचलता, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली पाहिजे. मग खाली अक्षरं लटकवत जायचं, दोरीवर कपडे टाकावेत तशी.

कामाच्या दिवसाची आपली सकाळ मला अजून तशीच दिसते. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे. तुम्ही उंबऱ्यात बसला आहात, कप दोन्ही हातांनी धरलाय, तरी बशी वाजते आहे. आई मागं न बघता म्हणते, "चा ऱ्हाऊ द्या. आदी हात बसवून घ्या." मग तांदळाच्या डब्यामागून ती बाटली काढते. तिच्या तोंडावर राग नसतो. डब्यात मीठ संपलंय का बघावं तसं ती बाटली उजेडात धरून बघते. तुम्ही अर्धा ग्लास घेता, डोळे मिटून बसता, आणि मी बघत असतो की तुमची बोटं हळूहळू शांत होतायत. या वहीत प्रत्येक कामाचा अंदाज आहे. पांढरा एनॅमल, निळा एनॅमल, टर्पेंटाइन, आणि त्याच्या खाली, तुमच्या सुंदर अक्षरात, ‘हात’. पुढे बाटलीची किंमत. आपल्या घरात ते व्यसन नव्हतं बाबा. सामान होतं.

मलाही ते तुम्ही सामान म्हणूनच दिलंत. नववीतून शाळा सुटली होती, मला सतरावं लागलं होतं, आणि कुंभिवलीला हायवेच्या गॅरेजात एका ट्रकच्या मागच्या फळीवर मला पहिल्यांदा एकट्याने रेघ ओढायची होती. ट्रकवाला मागे कमरेवर हात ठेवून उभा. माझा हात भीतीनं हलत होता. मला कशाचीही भीती वाटते, तुम्हाला ठाऊक आहे. पेपरात आलेला शब्दसुद्धा मी दोनदा तपासून मगच भिंतीवर लिहायचो. तुम्ही मला टायरांच्या ढिगामागे नेलंत आणि बाटलीचं झाकण भरून पुढे केलंत. "घे रं. औषधावानी घे. हात बसंल." आणि बसला, बाबा. ते खोटं नव्हतं. रेघ सुतासारखी आली. ट्रकवाला म्हणाला, "बापाच्या वरचा निघला ह्यो." तुम्ही इतके हसलात. तेवढं हसताना मी तुम्हाला नंतर पाहिलं नाही.

दोन वर्षांनी तुम्ही गेलात. पोट फुगलेलं, डोळे पिवळे. शेवटच्या आठवड्यात तुम्ही चादरीवर बोटानं काहीतरी गिरवायचा. आई म्हणायची, लिवतायत. मी बघितलं, तुम्ही रेघा ओढत होता.

पुढचं थोडक्यात लिहितो, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आहे. फ्लेक्स आले, बोर्डाची कामं कमी झाली, हात बसवायचं काम मात्र वाढत गेलं. आधी कामाच्या दिवशी, मग कामाच्या आदल्या दिवशी, मग काम मिळेल का या काळजीनं. आईनं कोणाकडून तरी दारू सोडवायची पूड आणून डाळीत मिसळली, मी दोन दिवस ओकलो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा दारू घेतली. याच विहारात, याच भिंतीपुढे, सगळ्यांसमोर मी शपथ घेतली. नऊ दिवस पाळली. ती मोडल्यावर मला इथं यायची इतकी लाज वाटू लागली की मी वस्तीत शिरताना मागच्या बांधावरून जायचो. शपथेआधी मी नुसता पिणारा होतो. शपथेनंतर पिणारा आणि खोटा झालो.

मग ऑगस्टच्या सुरुवातीला एक दिवस माझ्याकडची संपली, खिशात पैसे नव्हते, आणि मी ठरवलं की आजपासून बंद. नेरळला नव्या बिल्डिंगच्या गेटवर काम होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शिडीखाली पडलो. मला आठवत नाही. लोक म्हणाले, फिट आली, तोंडाला फेस होता. शिडीवर असतो तर हे लिहिलं नसतं.

वस्तीतल्या आशाताई, ज्या घरोघरी जाऊन औषधं देतात, त्या त्याच संध्याकाळी घरी आल्या. आई रडत सांगत होती की याला पुन्हा शपथ घालूया, या वेळी मोठ्या भंतेजींना बोलावू. ताई म्हणाल्या, "वयनी, शपथ ऱ्हाऊ द्या. ह्याला शपथेनं नाय, दवाखान्यानं बरं वाटंल." मी म्हणालो, मला काही झालं नाही. त्या म्हणाल्या, "व्हय, तुला काय झालं नाय. मग चल की, डॉक्टरला पन तेच सांग." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला कर्जतच्या सरकारी दवाखान्यात नेलं. केसपेपरवर ‘व्यसन’ हा शब्द चुकीचा लिहिला होता. मी तो दुरुस्त करायला पेन मागितलं. ताईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी हात मागे घेतला.

डॉक्टर माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या होत्या. कधीपासून घेता, म्हणाल्या. मी सांगितलं, फक्त कामाच्या दिवशी, हात थरथरतो म्हणून. "आणि काम किती दिवस असतं?" मी म्हणालो, रोज. त्यांनी लिहून घेतलं, हसल्या नाहीत. मग माझे दोन्ही हात पुढे करायला लावले, बोटांवर एक कागद ठेवला. कागद फडफडत होता. त्या म्हणाल्या, "हा हात दारू नाही म्हणून थरथरतो, हे बरोबर. पण ही सवय दारूनंच लावली. आठवडाभर औषधं घेऊन इथं राहिलात, तर हा बराचसा थांबेल. घरच्या घरी एकदम बंद करू नका, कालसारखी फिट येते." मी विचारलं, सगळा थांबेल? "बराचसा. थोडा राहिला तर राहिला."

बाबा, मी त्या खाटेवर पडून सातही दिवस एवढाच विचार करत होतो. आठवडाभर. आपण सगळे, तुम्ही, आई, मी, इतकी वर्षं हे उलटं धरून बसलो होतो. आणि त्या दवाखान्यापर्यंत एसटीनं पाऊण तास लागतो.

तिथून नेरळजवळच्या एका केंद्रात दीड महिना राहिलो, पैसे आईनं भरले. आता दर रविवारी संध्याकाळी खोपोलीला एका शाळेच्या वर्गात बसतो. लहान मुलांच्या बाकांवर आम्ही बारा-पंधरा माणसं गुडघे दुमडून बसतो आणि आठवडा कसा गेला ते सांगतो. तिथं एक काका आहेत, कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, अठरा वर्षं न प्यायलेले. पहिल्या दिवशी निघताना त्यांनी माझ्या वहीत त्यांचा नंबर लिहिला आणि म्हणाले, "प्यायच्या आधी फोन करायचा. प्यायल्यावर करून काय उपेग नाय, तवा तू लय शाना असशील."

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. आज सकाळी ओळी सरळ याव्यात म्हणून भिंतीवर निळीची दोरी ताणताना मला दिसलं की तुमच्या चार ओळींच्या रेघा दोरीला तंतोतंत बसतात आणि पाचवीची बसत नाही. ती उजवीकडे खाली जाते. मी पट्टीनं मोजलं, पाऊण इंच. मध्ये दोन ठिकाणी ब्रश उचललेला दिसतो. मला ते ठाऊक होतं. मी अकरा वर्षांचा होतो, रंगाचा डबा धरून उभा होतो. तुम्ही पाचवी ओळ दुसऱ्या दिवशी लिहायला घेतलीत, दारात पोरंसोरं, बायामाणसं जमली होती. रेघ संपली तेव्हा पोरांतलं कोणीतरी म्हणालं, "वाकडी आली." तुम्ही वळलात. "तुला काय कळतंय रं त्यातलं," एवढंच म्हणालात, पण तुमचा चेहरा मी पाहिला. घरी जाताना मला म्हणालात, "बघितलंस? हात नसला की असं होतं." मी तो धंद्याचा धडा म्हणून लक्षात ठेवला.

दुपारी जेवायला गेलो तेव्हा आईला विचारलं, त्या दिवशी पाचवीच ओळ अशी का आली. ती भात वाढता वाढता थांबली. "त्या दिवशी नव्हती घेतली त्यांनी. मी काढून ठेवली व्हती तर म्हनले, आज नको. ती वळ लिवायची हाय, ती घिऊन कशी लिवू."

मी जेवलो नाही. परत आलो, दुरूनच ती रेघ बघत बसलो. तुम्ही एक दिवस थांबला होता, बाबा. थांबल्यावर पहिल्याच दिवशी हात सर्वांत जास्त हलतो, हे मला डॉक्टरांनी सांगितलं. तुम्हाला सांगायला कोणी नव्हतं. तुम्ही सर्वांत वाईट दिवस निवडलात, सगळ्यांसमोर रेघ ओढलीत, आणि जे आलं ते कायमचं मानलंत. पुन्हा कधी थांबला नाहीत.

आणखी एक गोष्ट लिहायची टाळत होतो. सकाळी कुंभिवलीला रंग आणायला गेलो तेव्हा एक देशी घेतली. ती ब्रशच्या पेटीत खालच्या कप्प्यात, फडक्यात गुंडाळलेली आहे. हात बसला नाही तर असावी, म्हणून. मी हे लिहीत असताना ती माझ्यापासून दोन फुटांवर आहे. आता काकांना फोन करतो.

पाच वाजून दहा मिनिटं. काका स्कूटरवरून आले. फोनवर फक्त म्हणाले होते, "पेटी उघडी सोड आनि भायेर रस्त्यावर येऊन हुबा ऱ्हा." मी वीस मिनिटं रस्त्यावर उभा होतो, ताई तीनदा विचारून गेल्या की रंग वाळला का. काकांनी पेटीतून बाटली काढली, गटारात ओतली, रिकामी बाटली पिशवीत घातली आणि ओट्यावर बसून चहा मागितला. चहा आला तर त्यांचीच बशी वाजू लागली. मी बघत राहिलो. म्हणाले, "काय बघतोस? अठरा वर्सं वाजतीया. चा सांडतो, दुसरा मागवतो. तू जा, तुजं काम कर."

मी आत गेलो. मनगटाला आधार द्यायची काठी भिंतीला टेकवली, श्वास सोडला आणि रेघ ओढली. माझा हात हलत होता. एका ठिकाणी ब्रश उचलावा लागला, तुम्ही उचलला होता तिथून बोटभर अलीकडे. दोरी मी काढून टाकली होती. तुमच्या जुन्या रेघेवरूनच गेलो, ती जिथं खाली गेली तिथं मीही खाली गेलो. ताई आत येऊन म्हणाल्या, "ही वायच उतरली काय रं?" मी म्हणालो, हो, ती तशीच आहे. काका दारातून म्हणाले, "वाचता येतीय ना? मग झालं."

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. वही पुन्हा ट्रंकेत जाईल. फक्त एक खोटं दुरुस्त करतो, कारण चुकीचं लिहिलेलं मला ठेववत नाही. त्या दिवशी "वाकडी आली" असं पोरांतलं कोणी म्हणालं नव्हतं. मी म्हणालो होतो.

आजचा अंदाज आणि खर्च, तुमच्या पद्धतीनं:

पांढरा एनॅमल, एक लिटर, ३३०.
निळा एनॅमल, अर्धा लिटर, १९०.
टर्पेंटाइन, ७०.
ब्रश एक, ६०.
समितीकडून येणे, सामान धरून, २,१५०.
आईचे देणे, केंद्राचे, २२,०००. यातून १,५०० आज देईन.
हात, ८०. वापरला नाही. समितीच्या बिलात धरू नये.